कुंदाताईंचा शस्त्रसाठा

कुंदाताई परबांच्या मसाल्याच्या डब्यात मसाला नव्हता. डबा नेहमीचाच, स्टीलचा, गोल, आत सात वाट्या. पण मोहरीच्या वाटीत मोहरीएवढे चुंबक होते, हळदीच्या वाटीत जाडजूड बॉम्ब, जिऱ्याच्या वाटीत काडेपेटीच्या काडीएवढी मिसाइलं, नोक वर करून उभी. विमानाच्या पोटाखाली लटकतात त्या तेलाच्या टाक्या वाटीत मावायच्या नाहीत, म्हणून त्या वरच्या ताटलीत आडव्या निजवलेल्या. सगळं प्लास्टिकचं. खऱ्या लढाऊ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाची मॉडेलं त्या घरी बनवायच्या, आणि हा त्या विमानांचा दारूगोळा.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघी कांदिवलीहून अंधेरीला मेट्रोने निघालो होतो. कुंदाताईंच्या मांडीवर मावेल एवढ्या पिशवीत चपलेच्या खोक्यात एक विमान आणि त्यावर हा डबा. मशीनमधून पिशवी गेली आणि तिथली पोलीस मुलगी पडद्यावर वाकली.

"मावशी, काय आहे आत?"

मी म्हणणार होते, "शोपीस आहे." पण कुंदाताईंना खरं बोलायची सवय. त्यातून खरं बोलून समोरच्याची धांदल उडणार असेल तर फारच.

"एक विमान," त्या म्हणाल्या, "आठ मिसाइलं आणि चार बॉम्ब."

मुलीचा हात कमरेच्या वॉकीटॉकीवर गेला. आमच्या मागची रांग दोन पावलं मागे सरकली. आम्हाला बाजूला उभं केलं. साहेब आले. डबा उघडला. साहेबांनी जिऱ्याच्या वाटीत डोकावून बघितलं, मग कुंदाताईंकडे बघितलं. पासष्टीची बाई, नऊवार नाही पण साडी नीट पिन केलेली, केसांत अबोलीचा तुकडा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"लावून बघ गं," कुंदाताई त्या पोलीस मुलीला म्हणाल्या. "घाबरतेस काय? घे ते लांबडं. पंखाखाली ती खुंटी दिसते ना, तिच्याजवळ ने फक्त."

मुलीने साहेबांकडे बघितलं. तिने दोन बोटांत मिसाइल धरून पंखाखाली नेलं आणि ते टक् करून आपणहून बसलं. "आईशप्पथ!" ती म्हणाली. मग तिने आणखी एक लावलं. तिसऱ्याला साहेब म्हणाले, "मला बघू."

आम्हाला तिथे पाऊण तास लागला, त्यातली पाच मिनिटं तपासणीची. जाताना साहेब म्हणाले, "मावशी, पुढच्या वेळेला 'खेळणं आहे' असं सांगत जा."

"खेळणं काय म्हणून?" कुंदाताई म्हणाल्या. "बहात्तर पट मोठं केलंत तर उडेल."

ही बाई मला भेटली मरोळला. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आमचं युनिट होतं. मिक्सर, लिफ्ट, गिझर असल्या यंत्रांत जो बारका भोंगा टीं टीं करतो, तो आम्ही जोडायचो. लांब टेबलाला ओळीने आम्ही चौदा बायका, प्रत्येकीसमोर भिंग, हातात सोल्डरिंगची तापलेली पेन्सिल. मी दहिसरहून यायचे, नवी होते, पहिल्याच दिवशी बोट भाजून घेतलं. शेजारच्या स्टुलावरून आवाज आला, "श्वास सोड, मग हात लाव." वर न बघताच म्हणाल्या होत्या. मी श्वास सोडला आणि हात लावला. भाजलं नाही. पुढे बारा वर्षं मी त्या स्टुलाशेजारी बसले.

कुंदाताईंचं माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. वडील गिरणीत, नवरा, परबभाऊ, बसमध्ये कंडक्टर. बोलायच्या तुमच्याआमच्यासारखंच, पण राग आला की किंवा माया दाटली की मालवणीत घसरायच्या. त्यामुळे सुरुवातीला राग आला आहे की माया, हे मला कळत नसे. अंबाड्यात एक काळी पिन असायची, तिने त्या सगळं करायच्या. स्क्रू फिरवायच्या, बाटलीचं बूच काढायच्या, कान कोरायच्या, आणि एकदा तर त्याच पिनेने युनिटची बंद पडलेली लिफ्ट चालू केली. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याच्या डब्यातली कोळंबी न विचारता घ्यायच्या आणि आपल्या डब्यातली मोजून द्यायच्या.

आमचा सुपरवायझर नाडकर्णी. बायका बाथरूमला किती वेळ लावतात ते घड्याळ लावून बघायचा. बोलायचा नाही, फक्त वहीत लिहायचा. एका सोमवारी तो खुर्चीत बसला आणि कुठूनतरी टीं झालं. उठला, बंद. बसला, टीं. युनिटभर भोंगेच भोंगे, त्यातला कुठला वाजतोय म्हणून त्याने सगळ्यांचे ट्रे तपासले. दोन दिवस हा माणूस उभ्याने काम करत होता. तिसऱ्या दिवशी त्याने खुर्ची उलटी केली. गादीखाली एक भोंगा, एक सेल आणि दोन तारा. नाडकर्णी खिशातलं भिंग काढून ते जोडकाम बघत राहिला. मग सरळ आमच्या टेबलाशी आला.

"परबबाई, हे तुमचं."

"कशावरून?"

"एवढं गोल, चकचकीत सोल्डरिंग या युनिटमध्ये दुसऱ्या कोणाला येतं का?"

कुंदाताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. कबूल करावं तर मेमो, नाकारावं तर कौतुक हातचं जाणार. शेवटी त्या म्हणाल्या, "उजवीकडचा टाका बघितलात ना? तो खास चांगला बसलाय." मेमो मिळाला. त्यांनी तो घरी फ्रीजवर लावला. नाडकर्णीने वही मात्र बंद केली.

पुढे युनिट गुजरातेत गेलं आणि आम्ही चौदाजणी घरी बसलो. त्याच्या आदल्याच वर्षी परबभाऊ वारले होते. कुंदाताई कांदिवलीला चारकोपच्या दोन खोल्यांत एकट्या. मुलगा नीलेश पुण्यात इंजिनियर, महिन्याला फोन, गणपतीत दोन दिवस. मी अधूनमधून जायचे. एकदा गेले तर पोटमाळ्यावरचं सगळं सामान खाली आणि मध्ये बसून कुंदाताई एका खोक्यात बघताहेत.

आत एक मोडकं विमान होतं. हाताच्या पंजापेक्षा जरा मोठं, करड्या रंगाचं. पंखांखाली काहीच नव्हतं, नुसते मोडक्या दातांसारखे आठ खुंट. आणि खोक्याच्या तळाशी आठ मिसाइलं, एका रुमालात बांधलेली.

"हे कोणाचं?"

"नीलूचं," त्या म्हणाल्या, आणि जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. नीलेश नववीत जाताना त्याच्या मामाने दुबईहून हे विमान जोडायचं खोकं आणलं होतं. पोराने अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवून जोडलं, रंगवलं. मग सहामाहीचा निकाल आला. गणितात नापास. परबभाऊ ड्युटीवरून आले, प्रगतीपुस्तक बघितलं आणि विमान उचलून भिंतीवर मारलं. भाऊ तसे वाईट नव्हते. त्या दिवशी बसमध्ये कोणीतरी त्यांच्या कानफटात मारली होती, ते त्यांनी आठ दिवसांनी सांगितलं. पण तोवर पोराने तुकडे गोळा करून रुमालात बांधले होते. रडला नाही, बोलला नाही. त्यानंतर बाप-लेक लागेल तेवढंच बोलले, ते शेवटपर्यंत.

"आणि मी काय केलं?" कुंदाताई म्हणाल्या. "मी भाकऱ्या थापत होते. थापतच राहिले."

मी चहा टाकला.

पंधरा दिवसांनी गेले तर खिडकीपाशी टेबल, टेबलावर युनिटमधलं जुनं भिंग, आणि कुंदाताई श्वास सोडून कामात. मुख्य विमान त्यांनी केव्हाच दुरुस्त केलं होतं. अडलं होतं मिसाइलांपाशी. मुळापासून तुटलेली, गमाने चिकटवावी तर सांधा दिसायचा आणि बोट लागलं की पुन्हा तुटायचं. त्यांना चुंबकाची कल्पना सुचली. भोंग्यात चुंबक असतोच, आयुष्यभर तेच हाताळलेलं. पण भोंग्यातला मोठा. शेवटी शेजारच्या मुलीला सांगून मोबाईलवरून मागवले, मोहरीएवढे, शंभराचं पाकीट. हाताने फिरवायच्या बारक्या ड्रिलने खुंटीला भोक पाडून एक चुंबक आत, मिसाइलात दुसरा. लावायला गेल्या तर मिसाइल उडी मारून पळालं. चुंबकाची तोंडं उलटी! दुसरं सुलटं लावलं तर चिकटलं, पण गोल फिरलं आणि विमानाच्याच शेपटीवर रोखून उभं राहिलं. दोन दिवस कुंदाताई त्या मिसाइलाशी मालवणीत बोलत होत्या. यावेळी राग होता.

मग त्यांनी मिसाइलातला चुंबक काढून टाकला आणि त्याजागी टाचणीचे दोन तुकडे पुरले, खुंटीतही दोन चुंबक. उलट-सुलट प्रश्नच मिटला आणि फिरणंही बंद. मला दाखवताना म्हणाल्या, "एका साक्षीदारावर लग्न लागत नाही गं. दोन हवेत."

गणपतीत नीलेश आला. मी त्या दिवशी तिथेच होते, मोदकांना हात लावायला बोलावलं होतं. कुंदाताईंनी विमान टीव्हीशेजारी ठेवलं होतं, काही न सांगता. नीलेश आत आला, बूट काढले, गणपतीला नमस्कार केला आणि वळला तो थबकला. चाळिशीला आलेला, पोट सुटलेला माणूस, त्याने ते विमान दोन्ही हातांनी उचललं. अंगठा लागला आणि एक मिसाइल खाली पडलं.

त्याचा चेहरा पांढरा झाला. "आई... तुटलं गं."

कुंदाताईंच्या हाताला पीठ होतं. जागेवरून न उठता त्या म्हणाल्या, "तुटूक नाय रे, सुटला. लाव परत."

नीलेशने वाकून ते उचललं, पंखाजवळ नेलं. टक्. काढलं. पुन्हा लावलं. मग तो तिथेच जमिनीवर बसला आणि आठच्या आठ काढून, लावून, काढून बघत राहिला. मोदक गार झाले तरी कोणी त्याला उठवलं नाही. रात्री जेवताना त्याने पहिल्यांदा वडिलांचा विषय काढला. काय बोलला ते मी सांगणार नाही, ते त्यांच्या घरातलं आहे. पण त्यानंतर फोन महिन्याचा आठवड्यावर आला.

तिथे थांबल्या असत्या तर त्या कुंदाताई कसल्या! चुंबकाचं पाकीट शंभराचं होतं आणि खर्च झाले होते सोळा. उरलेल्यातला एक अंबाड्यातल्या पिनेच्या टोकाला लावून त्या बिल्डिंगमध्ये हिंडायला लागल्या. कोणाकडे हळदीकुंकवाला गेल्या की भांड्यांना हळूच पिन लावायची. चिकटली की मान हलवायची. कोणीतरी विचारलं तर म्हणायच्या, "चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही म्हणतात. असू दे, तुमचं वापरातलं असेल." तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंना माहेरून आलेला अख्खा डिनर सेट चिकटला. त्यावरून दोन व्याह्यांत जे झालं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये आलं. सेक्रेटरींनी नोटीस लावली की कोणीही दुसऱ्याच्या भांड्यांची तपासणी करू नये. कुंदाताईंनी नोटिशीच्या फळ्याला पिन लावून बघितली.

हे असं मोकाट सुटलेलं डोकं कुठेतरी बांधायला हवं म्हणून मीच शोधून काढलं की अंधेरीला एका शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा मॉडेल बनवणारी माणसं जमतात. माणसं म्हणजे पुरुषच, वीस-बावीस. त्यांचे प्रमुख विंग कमांडर दीक्षित, हवाई दलातून निवृत्त, मूळ पुण्याचे, मिशा कात्रीने नाही तर पट्टीने आखल्यासारख्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कुंदाताईंचं विमान हातात घेतलं, फिरवून बघितलं.

"काम सुबक आहे. पण बाई, या विमानाला हे मिसाइल नसतं."

"नसतं?" टक्, टक्, टक्, टक्. कुंदाताईंनी चार काढून डब्यात टाकली, दुसऱ्या वाटीतली चार लावली. "आता?"

दीक्षितसाहेब दचकले. "हे... हे असतं. पण आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या."

टक्, टक्. "आता?"

"आता बरोबर. पण मग मध्ये टाकी हवी."

टाकी लागली. वीस-बावीस पुरुष आपापली मॉडेलं सोडून भोवती जमले होते. त्यांचं सगळं चिकटवलेलं. एकदा चुकलं की जन्मभर चुकलेलं. कुंदाताई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगत राहा. माझं काय, मी दिवसभर मोकळीच आहे."

साहेब कडक होते, पण खोटे नव्हते. दोन महिन्यांनी एका बुधवारी सकाळी ते स्वतः चारकोपला आले. हातात खोकं. मी भाजी निवडत होते. दारातच उभं राहून म्हणाले, "ते चुंबकाचं... जरा दाखवाल का? क्लबमध्ये बोलू नका." खोक्यात त्यांचं लाडकं विमान होतं. नोकरीत ते जे उडवायचे, त्याचंच मॉडेल, त्याच नंबरचं. कुंदाताईंनी चार तासांत त्याच्या चारही खुंट्यांत चुंबक बसवले आणि साहेबांना घावणे खायला घातले. साहेबांनी सहा खाल्ले.

मला वाटलं, चला, समेट झाला. मला काय माहीत की दुरुस्तीला आलेल्या विमानाच्या खुंट्यांची मापं कुंदाताईंनी चोरून कागदावर उतरवून घेतली होती!

वार्षिक प्रदर्शन. हॉलमध्ये टेबलांवर पांढऱ्या चादरी, पालक, मुलं, आणि पाहुणे म्हणून हवाई दलातलेच एक मोठे निवृत्त अधिकारी, साहेबांचे एकेकाळचे वरिष्ठ. पाहुणे एकेक मॉडेल बघत साहेबांच्या विमानापाशी आले. वाकले. चष्मा वर सरकवला.

"दीक्षित, पंखाखाली हे काय आहे?"

साहेबांनी बघितलं. चारही खुंट्यांवर मिसाइलांच्या जागी बोंबील लटकत होते. वाळवलेले बोंबील, इंचभराचे, खिडकीच्या काचेला लावतात ती पुट्टी मळून बनवलेले, अगदी वासलेल्या तोंडासकट, डोळ्यांसकट. आतून टाचणीचे दोन-दोन तुकडे, त्यामुळे अगदी सरळ, शिस्तीत.

मी कुंदाताईंकडे बघितलं. त्या छताचा पंखा बघत होत्या.

दीक्षितसाहेब ताठ उभे राहिले. मिशी हलली नाही. "सर," ते म्हणाले, "हे प्रायोगिक अस्त्र आहे. कोकण किनाऱ्यावर चाचण्या चालू आहेत."

पाहुण्यांनी आणखी वाकून बघितलं. मग म्हणाले, "वास येत नाही. म्हणजे अजून सुधारणा हवी." आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

पाहुणे गेल्यावर साहेब आमच्यापाशी आले. हातात एक बोंबील. "परबबाई, हे तुमचं."

"कशावरून?"

"गालफडांवरून. एवढे बारीक दात दुसरं कोण कोरणार?"

पुन्हा तोच चेहरा. त्या म्हणाल्या, "खालच्या जबड्यातले बघितलेत का?" साहेबांनी ते चार बोंबील परत दिले नाहीत. जन्मभर मासळीच्या वासाला नाक मुरडलेल्या त्या माणसाने ते शोकेसमध्ये ठेवले.

त्यानंतरची दोन वर्षं बरी गेली. कुंदाताईंची विमानं नऊ झाली, डबे दोन झाले. दर प्रदर्शनात त्यांचा एक खास खेळ असायचा: दोन मिनिटांत एका विमानावर दहा शस्त्रं चढवायची. चिमटा न वापरता, नुसत्या बोटांनी. मुलं ओरडून आकडे मोजायची.

मग एकदा त्यांनी मला चहा दिला आणि बशीत सांडला. दुसऱ्या खेपेला कप दोन्ही हातांनी धरून आणला. त्याच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही. नुसता कंप आहे. नुसता म्हणे!" उजवा हात मांडीवर ठेवलेला होता आणि तो साडीच्या निऱ्यांवर हळूहळू हलत होता, जसा दुसऱ्याच कोणाचा असावा. "क्लबात सांगू नकोस. प्रदर्शन झालं की मी बघते काय ते."

प्रदर्शनाच्या दिवशी फळ्यावर त्यांचं नाव होतं. मी म्हटलं, तब्येतीचं कारण सांगू या. त्यांनी मला गप्प केलं, मालवणीत. खुर्चीत बसल्या. समोर विमान, शेजारी डबा. भोवती शंभरेक माणसं, पुढे मुलं मांडी घालून. साहेबांनी घड्याळ हातात घेतलं. "सुरू!"

कुंदाताईंनी श्वास सोडला. पहिलं मिसाइल पंखापर्यंत गेलं, थरथरत, आणि बसलं. मुलं ओरडली, "एक!" दुसरं खुंटीला धडकून टेबलावर पडलं. त्यांनी उचललं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा हात इतका हलला की बसलेलं पहिलंही खाली आलं. मुलांचा आवाज हळूहळू बंद झाला. कुंदाताईंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मी जिथे होते तिथून मला त्यांच्या कानशिलावरचा घाम दिसत होता. तेवढ्या वर्षांत मी त्या बाईला कधी खाली मान घातलेली बघितली नव्हती. त्या दिवशी बघितली.

"थांबा!" दीक्षितसाहेबांचा आवाज परेड ग्राउंडवरचा. सगळे दचकले. "हे नियमाबाहेर आहे. विमानाचा मालक स्वतः कधी मिसाइल चढवत नाही. त्याला जमिनीवरची माणसं असतात. बाई, तुम्ही हुकूम द्यायचा, हात लावायचा नाही." त्यांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि टेबलापाशी चक्क गुडघ्यावर बसले. सत्तरीचा माणूस, गुडघे कटकन वाजले. "हुकूम?"

कुंदाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता उठून जातात. मग त्यांचा चष्मा नाकावर वर सरकला.

"लांबडं. डावी बाहेरची खुंटी."

साहेबांनी लावलं.

"डावी म्हटलं. माझी डावी नाही, विमानाची डावी! चाळीस वर्षं काय उडवत होता, पतंग?"

मुलं खदखदली. साहेबांनी काढून दुसरीकडे लावलं.

"आता बॉम्ब. सावकाश! तो बॉम्ब आहे, बटाटा नाही. नोक पुढे. पुढे म्हणजे पुढे! या माणसाला नोकरीवर कोणी घेतलं होतं गं शुभा?" त्यांनी मला विचारलं.

हॉल हसून लोटपोट. साहेब मुद्दाम चुकत होते की खरंच, ते मला आजही सांगता येणार नाही. दहा चढवायला सव्वाचार मिनिटं लागली, टाळ्या मात्र पाच मिनिटं पडत होत्या. शेवटी साहेब उठायला लागले तर त्यांना उठता येईना. कुंदाताईंनी आपला थरथरता हात पुढे केला आणि साहेब तो धरून उठले.

परतताना रिक्षात ओशिवऱ्याला त्या म्हणाल्या, "मेल्याला कधीपासून कळलं होतं गं?"

"मी नाही सांगितलं."

"ते मला माहीत आहे." मग पदराने डोळे टिपून म्हणाल्या, "बॉम्बची नोक मात्र शेवटपर्यंत वाकडीच लावली त्याने."

त्यानंतरच्या बुधवारपासून साहेब दर बुधवारी चारकोपला यायला लागले. कुंदाताई खुर्चीत बसून सांगायच्या, साहेब भिंगाखाली करायचे. त्यांनी दोघांनी मिळून तीन विमानं केली. तिसऱ्यावर साहेबांना एकदा मालवणीत शिवी हासडताना मी स्वतः ऐकलं.

मागच्या वर्षी कुंदाताई गेल्या, दोन दिवसांच्या तापात. नीलेश होता जवळ. विमानं तो पुण्याला घेऊन गेला, डबे साहेबांकडे आहेत.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या महिनाभर आधी, त्यांच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीत. कॅरमची स्पर्धा होती, अंतिम सामना. समोर तळमजल्यावरचे गाला भाऊ, तीन वर्षांचे विजेते, पावडर स्वतःची आणणारे. मी पोचले तेव्हा गाला भाऊंची एकच सोंगटी उरली होती आणि कुंदाताईंचीही एकच, भोकाच्या तोंडाशी, बोटभर अंतरावर, पण स्ट्रायकर लागायला वाटच नाही अशी अडकलेली.

कुंदाताईंनी स्ट्रायकर ठेवला, नेम धरला. हात हलायला लागला. तो हलता हात त्यांनी आधारासाठी बोर्डाच्या कोपऱ्यावर टेकवला, हात आणखीच हलला, करंगळी लांब झाली आणि सोंगटी अलगद भोकात गेली.

"हात राहत नाही हो," कुंदाताई केविलवाण्या आवाजात म्हणाल्या. "काय करू?"

गाला भाऊ उभे राहिले. "ए, हे चालणार नाही! आंगळीने ढकललं!" पंच सेक्रेटरी होते, ते नेमके त्याच वेळी चष्मा पुसत होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि कुंदाताईंच्या अगदी मागे उभी असलेली मी त्यांना दिसले.

"शुभांगीबाई, तुम्ही जवळ होता. बघितलंत का काही?"

कुंदाताईंनी मान वळवली. जाड भिंगांमागे एक डोळा मिटला आणि उघडला.

"मी?" मी म्हटलं. "छे. मी आत्ताच आले."